विद्यावेतन आणि विषयबंदी

ज्या वर्गांस पिढ्यान्‌पिढ्या विद्येपासून दूर ठेवण्यांत आलें, त्यांतील तरुणांनीं परदेशीं जाऊन उच्च शिक्षण घ्यावें, म्हणून केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें एक परदेशी शिष्यवृत्ति ठेविली आहे. अनुसूचित जाति, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांकरितां ती आहे. २०२२ सालीं साऱ्या देशास मिळून तिच्या जागा १२५ होत्या. योजना चांगली आहे, हें आम्ही आरंभींच सांगून टाकतों. परंतु त्याच सालीं तिच्या नियमांत असें एक कलम घालण्यांत आलें कीं, भारताची संस्कृति, वारसा व इतिहास, तसेच भारतविषयक सामाजिक संशोधन, हे विषय घेणारास ही शिष्यवृत्ति मिळूं नये. म्हणजे यंत्रशास्त्र शिका, वैद्यक शिका. पण ज्या व्यवस्थेनें तुमच्या आज्यास शाळेच्या पायरीवरून परत पाठविलें, तिचाच अभ्यास करूं म्हणाल तर पैसा मिळणार नाहीं!

सरकारपक्षाचें म्हणणें असें पडलें कीं, या विषयांचीं साधनें व जाणते अध्यापक देशांतच आहेत, त्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. युक्तिवाद दिसावयास सरळ आहे. त्याची परीक्षा मात्र आपल्याच इतिहासांत होऊन चुकली आहे. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं एका महार तरुणास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत धाडिलें. हा तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर, हें वाचकांस सांगणें नलगे. त्यांनीं तेथें एम्‌. ए. साठीं जो प्रबंध लिहिला, तो प्राचीन भारतांतील व्यापारावर होता (आमच्या व्यापारी वाचकांस याचें कौतुक वाटावें!), आणि ९ मे १९१६ रोजीं गोल्डनवायझर या मानववंशशास्त्रज्ञाच्या चर्चावर्गांत जो निबंध वाचला, तो हिंदुस्थानांतील जातींची उत्पत्ति व घडण यांवर होता. २०२२ च्या कलमापुढें यांपैकीं एकहि विषय टिकला नसता. जातीसंबंधींचीं साधनें १९१६ सालींहि येथेंच होतीं; नव्हती ती एकाच बाकावर बसून जातीविषयीं मोकळेपणानें बोलण्याची सोय. ती आज सर्वत्र झाली आहे, असें म्हणावयास आमची जीभ तरी धजत नाहीं.

खालच्या मानलेल्या वर्गांविषयीं आजवर थोडें का लिहिलें गेलें? खानेसुमारीचे अधिकारी, मिशनरी, पंडित, साऱ्यांनीं लिहिलें. पण ज्याच्यावर लिहावयाचें तोच लेखणी घेऊन बसला, म्हणजे प्रश्नच निराळे पडतात. जोतीराव फुल्यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीनें आपल्या लोकांच्या दुःखावर एक निबंध लिहिला, व १८५५ सालीं तो 'ज्ञानोदया'नें छापला. ज्यांस धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नाहीं त्यांचा धर्म तरी कोणता, असें ती विचारते. आणि बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परहि नसतें, हें तिनें लिहून ठेविलें. पुण्यांत त्यावेळीं विद्वानांस तोटा नव्हता. परंतु ही गोष्ट नोंदवावी असें त्यांस वाटलें नाहीं. अलीकडचें उदाहरण घ्यावयाचें तर उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचें. आंबेडकरी चळवळींत वावरलेल्या वृद्ध स्त्रियांस ठिकठिकाणीं जाऊन गांठून, त्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतींवर त्यांनीं 'आम्हीही इतिहास घडवला' हें पुस्तक १९८९ सालीं सिद्ध केलें. त्या बाया गेल्या असत्या म्हणजे तो इतिहासहि त्यांच्याबरोबर गेला असता.

ज्यांनीं विषय निवडला व ज्यांस शिष्यवृत्ति मंजूरहि झाली, त्यांचें तरी सुरळीत चालतें काय? २०२३ सालीं आपल्याच राज्यांतील अनुसूचित जातींच्या संशोधक विद्यार्थ्यांस अधिछात्रवृत्तीसाठीं मुंबईच्या आझाद मैदानावर धरणें धरून बसावें लागलें. २०२५ च्या जुलैंत वर सांगितलेल्या परदेशी शिष्यवृत्तीच्या निवडलेल्या १०६ उमेदवारांपैकीं प्रथम ४० जणांसच तात्पुरतीं पत्रें गेलीं. बाकीच्यांचें निधि उपलब्ध होईल त्यावर ठेवण्यांत आलें. हुंडीची मुदत टळली म्हणजे दुकानदाराची काय गत होते, तें पेठेंतल्या माणसास सांगावयास नको. दुकानदाराजवळ निदान माल असतो, पत असते. शेतमजुराच्या मुलीजवळ प्रवेशपत्राखेरीज कांहीं नसतें, आणि त्या पत्राची तारीख कोणासाठीं थांबत नाहीं.

कलम काढून टाकणें व पैसा वेळेवर देणें हें सरकारचें काम आहे. तें त्यानें केलेंच पाहिजे, व त्यासाठीं आमचा तगादा चालूच राहील. परंतु सरकार हललें म्हणजे आपण हलूं, असें म्हणत बसण्याची या प्रांताची रीत नव्हे. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें, तेव्हां त्या मुलांच्या जेवणासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां मोडलें. १९२५ सालीं बहिष्कृत हितकारिणी सभेनें सोलापुरास वसतिगृह उघडलें, तें कांहीं भरल्या तिजोरीवर नव्हे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गांवच्या व्यापारी मंडळानें एक फिरता निधि काढावा. ज्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ति मंजूर आहे पण हातीं आलेली नाहीं, त्यास फी, खाणावळ व भाडें यांपुरती रक्कम बिनव्याजी द्यावी, आणि शिष्यवृत्ति आली म्हणजे ती परत घेऊन पुढच्यास द्यावी. यांत दानधर्म नाहीं. उसनवारीच आहे, आणि ती पेठेंत रोज चालते. निधीच्या हिशेबावर देखरेख ठेवणाऱ्यांत त्याच वस्त्यांतील जाणतीं माणसें असावींत, नाहींतर अर्जदारास पुन्हां कोणाच्या तरी ओटीखालीं उभें रहावें लागेल. गांवच्या वाचनालयांनीं या संशोधकांचे प्रबंध मागवून ठेवावे, आणि वसंत व्याख्यानमालेंत त्यांस बोलवावें तें त्यांच्या विषयावर बोलण्यासाठीं, आभारप्रदर्शनासाठीं नव्हे.

राहिला प्रश्न बिऱ्हाडाचा. अमेरिका व विलायत पाहून १९१७ सालीं नोकरीसाठीं बडोद्यास परतलेल्या आंबेडकरांस त्या शहरांत रहावयास खोली मिळाली नाहीं. एका पारशी उतारशाळेंत जात लपवून ते राहिले, व तेथूनहि त्यांस हांकलण्यांत आलें. यास शंभर वर्षें होऊन गेलीं. खोली देण्यास निधि लागत नाहीं कीं ठराव लागत नाहीं. जून महिन्यांत विद्यार्थी येऊं लागले म्हणजे कुलूप उघडण्यापूर्वीं आडनांव विचारण्याची जी चाल कित्येक ठिकाणीं अजून आहे, ती पेठेंतील घरमालकांनीं सोडावी. भाडें, अनामत आणि विजेचें बिल एवढेंच बोलून किल्ली हातीं द्यावी.