मीरासाहेबांच्या अंगणात

मिरजेच्या बाजारातून दर्ग्याकडे वळेपर्यंत कान किटून गेलेले असतात. रिक्षांचे भोंगे, फळवाल्यांची ओरड, मोबाइलच्या दुकानातली गाणी आणि या सगळ्यांतून वाट काढणारी एखादी रुग्णवाहिका. आत जाऊन चपला काढल्या की हा गलबला थांबतो असं नाही, पण तो मागे राहतो. परसात बसल्यावर रस्त्यावरचा आवाज यावा, तसा येतो. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याचं हे पटांगण मला गेली पस्तीस वर्षं असंच भेटत आलं आहे.

बँकेच्या नोकरीत मिरजेला बदली झाली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी इथे येऊन बसत असे. डबा शाखेतच संपवायचा आणि उरलेली वीस मिनिटं इथे. भाविकपणा फारसा नव्हता, आजही नाही. सावली होती आणि 'काय काम आहे?' असं कुणी विचारत नसे. (मी दिवसभर लोकांना तेच विचारायचो.) हळूहळू लक्षात आलं, की इथे बसणारे बरेचसे असेच वेळ काढायला आलेले. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉनलेस यांनी १८९०च्या दशकात इथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून थेट कर्नाटकातून रुग्ण येतात. बरोबरच्या माणसांनी करायचं काय? ऑपरेशन दुपारी चारला आणि गाव सोडलेलं पहाटे. मग जमखंडीकडची एखादी आजी पिशवी उशाला घेऊन इथे कलंडते. तिला इथला इतिहास ठाऊक नसतो आणि त्यावाचून तिचं अडतही नाही.

इतिहास मात्र मोठा आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि या दर्ग्यात गायले. एका मोठ्या दुखण्यातून आपण उठलो ते मीरासाहेबांच्या कृपेने, अशी त्यांची श्रद्धा होती असं जुनी माणसं सांगत. ऑक्टोबर १९३७मध्ये मद्रासहून पाँडेचेरीला जाताना गाडीत त्यांची प्रकृती बिघडली आणि वाटेतल्या सिंगपेरुमाळकोइलच्या फलाटावर त्यांनी अखेरचा श्वास घेतला. तिथून त्यांना मिरजेला आणलं आणि याच आवारात दफन केलं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं चालतं. त्याच उरुसात मानाचा गलेफ असतो तो चर्मकार समाजाचा.

यावरून भाषणांमध्ये दर्ग्याला 'ऐक्याचं प्रतीक' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मला तो शब्द खटकतो. २००९च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून याच मिरजेत दंगल पेटली, संचारबंदी लागली. प्रतीक तेव्हाही जागच्या जागीच होतं. प्रतीकाला हार घातला की आपली जबाबदारी संपते, ही त्यातली सोय. या पटांगणाला हारांपेक्षा हातांची गरज आहे, आणि ते हात आवाराच्या बाहेर, जवळच्या सतारमेकर गल्लीत आहेत.

हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. पंढरपूरकडचा कडू भोपळा आणायचा, महिनोन्‌महिने वाळवायचा, तुणीच्या लाकडाचा दांडा जोडायचा आणि शेवटी जवारी काढायची. हे शेवटचं काम शिकण्यात निम्मं आयुष्य जातं. दर्ग्यात रात्रभर झंकारणारे तानपुरे या गल्लीतून येतात. गल्ली बंद पडली तर पटांगणात उरेल ती नुसती शांतता.

इथे माझा स्वतःचाही एक हिशेब राहिला आहे. शाखेत एकदा एक कारागीर कर्ज मागायला आला. हंगामात भोपळे स्वस्त मिळतात, तेव्हाच घेऊन ठेवायचे होते. "तारण काय?" मी विचारलं. "भोपळेच की, साहेब." शाखेत हशा पिकला. 'नियमात बसत नाही' असा शेरा मारून मी अर्ज परत केला. नियमाने मी बरोबर होतो. त्या वर्षी उरुसाच्या रात्री हाच गृहस्थ भेटला आणि सरकून त्याने मला सतरंजीवर जागा करून दिली. समोर वाजणाऱ्या दोन तानपुऱ्यांपैकी एक त्याच्या हातचा होता, हे मला शेजाऱ्याने सांगितलं. तो स्वतः काही बोलला नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच झाला. पण प्रमाणपत्र काही गिऱ्हाईक घेऊन येत नाही. आमच्या सांगलीतल्या गाण्याच्या क्लासात मुलं मोबाइलमधला तानपुरा लावून बसतात. तो स्वस्त आहे, कधी उतरत नाही, हे कबूल. पण उतरत नाही म्हणूनच मुलांना तो जुळवायला कान लावून बसावं लागत नाही. दर्ग्याच्या परिसरात रोषणाई आणि फरशा यांवर खर्च करण्याआधी महापालिकेने आपल्या शाळांसाठी या गल्लीतला एकेक खरा तानपुरा विकत घ्यावा. खर्चात तो रोषणाईला हरणार नाही, एवढा हिशेब मला नक्की येतो.

गेल्या महिन्यात नातीसाठी मी त्या गल्लीत गेलो. आता तिथे त्या कारागिराचा मुलगा बसतो. तारेखाली दोरा सरकवत, कान लावून तो जवारी बघत होता. मागे वाळलेल्या भोपळ्यांची रांग. जुनी गोष्ट काढायची असं ठरवून गेलो होतो, तोंडून निघाली नाही.

"पट्टी कुठली तिची?" त्याने विचारलं. मला सांगता येईना.

"मग तिलाच घेऊन या, साहेब," तो म्हणाला. "गळा ऐकल्याशिवाय माप कसं ठरवणार?"