दार कुणाचं, हे आधी कळू द्या!

२०२५ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. बोरिवलीला आमच्या मंडळाच्या खोलीत मोबाइल घेऊन बायकांची रांग लागली होती. ‘लाडकी बहीण’चं ई-केवायसी! महिन्याच्या १५०० रुपयांचा प्रश्न. त्यात आपला आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार नंबर आणि ओटीपी द्यायचा.

चार घरची धुणीभांडी करणारी एक ताई हळूच म्हणाली, ‘‘वहिनी, मी काल घरीच भरत होते. नाव टाकून शोधलं, पहिलं आलं ते उघडलं. शेवटी बँकेचा ओटीपी मागितला, तशी घाबरून बंद केलं.’’ पत्ता पाहिला, तर तो सरकारी नव्हताच! लगेच बँकेला कळवलं, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. पैसे वाचले, पण आधार नंबर गेला तो गेलाच.

यात तिची चूक किती? ब्राउझर मुळात वाचण्यासाठी जन्मला. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला तो शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती वाचता यावी म्हणून. आज त्याच खिडकीतून आपण बँक, विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, सगळं करतो. वाचनालयाच्या दारातूनच तिजोरीकडे जायचं, असा हा प्रकार. शिवाय खरं दार आणि खोटं दार दिसायला सारखंच. पत्त्याशेजारच्या कुलपाचंही तेच. आपलं बोलणं वाटेत कुणी ऐकत नाही, एवढंच ते सांगतं. समोरचा प्रामाणिक आहे असं नाही.

मला वाटतं, ब्राउझर आपल्या मिसळणाच्या डब्यासारखा हवा. उघडला की ठरलेल्या पाच-सात वाट्या समोर, प्रत्येक वेगळी. हळद मोहरीत सांडायची नाही. शोधाशोध करायची तर ती निराळी. मात्र वाट्यांत काय भरायचं हे कंपनीने किंवा सरकारने नव्हे, घरच्या बाईने ठरवावं. नाहीतर छोट्या दुकानदाराला जागाच उरणार नाही.

थोडी सुरुवात झाली आहे. बँकांच्या पत्त्याचा शेवट ‘बँक डॉट इन’ असावा, असं रिझर्व्ह बँकेने ठरवलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. सरकारी पत्त्याचा शेवट बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ असतो. पत्त्यात पुढे पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या अगदी आधीचे हे शब्द वाचायचे. सुरुवातीला ‘महाराष्ट्र’ लिहिलेलं कुणीही लिहू शकतो!

मैत्रिणींनो, आज एवढंच करा. बँकेचा पत्ता पासबुकावरून किंवा शाखेत विचारून स्वतः टाका. मग ब्राउझरच्या मेनूतून ‘होम स्क्रीनवर जोडा’ निवडा. पुढच्या वेळी तिथूनच आत शिरा, नाव टाकून शोधू नका. आमच्या त्या ताईच्या मोबाइलवर आता अशी चार दारं आहेत. परवा तिने शेजारणीलाही लावून दिली.