आधी यंत्र कोरडं ठेवा

कंबोडियातलं युद्ध संपून दशकं लोटली, तरी तिथल्या शेतांतून भूसुरुंग काढणं अजून चालूच आहे. काही सुरुंग प्लास्टिकचे, त्यात धातू जेमतेम नखाएवढा. तो शोधणाऱ्या मेटल डिटेक्टरच्या जोडणीत पावसाचं पाणी शिरलं, की यंत्र उगाच वाजतं किंवा गप्प राहतं. वाजलं तर वेळ जातो, गप्प राहिलं तर पाय.

म्हणून आवरण घालणं, चिखल पुसणं, सांधे कोरडे करणं, यंत्र ठेवून देताना बॅटरी काढणं आणि रोज कामाआधी धातूच्या तुकड्यावर तपासणं, ही फावल्या वेळेची कामं नव्हेत. माझ्या मते नव्या यंत्रांसाठी देणगी देणाऱ्यांनी निगेचा खर्चही धरावा. १९९७च्या ओटावा कराराने नवे सुरुंग रोखायला मदत झाली. पुरलेले मात्र माणसालाच शोधावे लागतात.