पिस्तूल विसरलेला पोलीस

हेनिंग मानकेल या स्वीडिश लेखकाची ‘द ट्रबल्ड मॅन’ ही कादंबरी २००९ साली स्वीडिशमध्ये आली, दोन वर्षांनी इंग्रजीत आली, आणि तिच्या शेवटाने दुखावलेले वाचक आजही भेटतात. तो शेवट सांगितल्याशिवाय त्यांच्या रागाबद्दल बोलता येत नाही. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच पान उलटावं. दक्षिण स्वीडनमधल्या ईस्टाड या लहानशा बंदरगावचा पोलीस अधिकारी कुर्ट वॉलेंडर १९९१ पासून वाचकांच्या ओळखीचा. घटस्फोटित, मधुमेही, बापाशी कधी न पटलेला, ऑपेरा ऐकत एकट्याने पिणारा. या पुस्तकात तो साठीला टेकलाय, मुलीला मूल झालंय, गावाबाहेर घर घेऊन त्याने कुत्रा पाळलाय. तपास संपतो आणि शेवटच्या पानावर मानकेल अवघ्या काही ओळींत सांगून टाकतो की पुढे अल्झायमरने वॉलेंडरची स्मृती पुसून नेली. बस्स, पुस्तक संपलं. वाचकांची तक्रार साधारण अशी असते : हा शेवट निर्दयी आहे, वरून चिकटवलेला आहे आणि रहस्यकथेचा करार मोडणारा आहे. निर्दयी तो आहेच. उरलेले दोन आरोप मात्र पुराव्यावर टिकत नाहीत.

रहस्यकथेच्या करारात लेखकावर बंधन एकच : उत्तराकडे नेणारा धागा वाचकाच्या डोळ्यांदेखत ठेवायचा. मग तो त्याला दिसू नये म्हणून हवी ती हातचलाखी करायला लेखक मोकळा. आता पुस्तकाची सुरुवात पाहा. एका संध्याकाळी वॉलेंडर रेस्टॉरंटमध्ये एकटाच जेवतो, पितो आणि सरकारी पिस्तूल तिथेच विसरून घरी जातो. ते बरोबर कशाला घेतलं होतं, हेही त्याला सांगता येत नाही. चौकशी लागते, अब्रू जाते. वाचक म्हणतो, दारू नडली. पुढे मध्येच कधीतरी आपण कुठे आहोत, इथे कशाला आलो, हे त्याला क्षणभर सुधरत नाही. वाचक म्हणतो, वय झालं, साखर कमीजास्त झाली असेल. हा मधुमेह आपल्याला १९९७च्या पुस्तकापासून ठाऊक असतोच. प्रत्येक खुणेला सोयीचं कारण हाताशी तयार. दरम्यान मानकेलने आपल्याला पाणबुड्यांच्या मागे लावलेलं असतं. वॉलेंडरच्या मुलीच्या जोडीदाराचे वडील, नौदलातले निवृत्त अधिकारी होकन फॉन एंके, स्टॉकहोममध्ये रोजच्यासारखे फिरायला जातात ते परतच येत नाहीत. त्यांच्या गायब होण्यामागे शीतयुद्धातली जुनी हेरगिरी आहे. तिला इतिहासाचा आधारही आहे : ऑक्टोबर १९८१मध्ये एक सोव्हिएत पाणबुडी कार्ल्सक्रोनाच्या नाविक तळाजवळ खडकावर चढून अडकली होती आणि पुढच्या वर्षी स्वीडिश नौदल राजधानीजवळच्या समुद्रात परक्या पाणबुड्यांचा माग काढत होतं. कोण कोणाचा हेर, याचा हिशेब लावता लावता ते पिस्तूल आपणही विसरून जातो.

यावर वाचक म्हणू शकतो, की धागे असतील, पण मी गुन्हेगार शोधायला बसलो होतो, नायकाचा आजार नव्हे. ‘अस्तु’ हा चित्रपट पाहायला जाणाऱ्या मराठी प्रेक्षकाला मोहन आगाशे यांचे शास्त्रीबुवा स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहेत याची कल्पना असते; तो मनाची तयारी करून बसतो. इथे ती संधीच मिळाली नाही. हा आक्षेप वजनदार आहे, पण मला तो मानकेलच्या बाजूचाच वाटतो. दारू असेल, वय असेल, साखर असेल : आपण वाचताना दिलेली ही कारणं तीच आहेत, जी अशा माणसाच्या घरात सुरुवातीची दोन-तीन वर्षं दिली जातात. आजाराचं नाव आधी सांगून ठेवणाऱ्या कथेला वाचकाकडून ही चूक करवून घेता येत नाही. ती करवून घ्यायला रहस्यकथाच लागते, कारण तिचा वाचक खुणा टिपायला सरावलेला असतो आणि त्या सरावासकट चकतो.

दुसरा दाखला दिला जातो तो जुन्या उस्तादांचा. कॉनन डॉयलने १८९३मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं, पण वाचकांचा तगादा थांबेना तेव्हा १९०३मध्ये तो मेलाच नव्हता असं सांगून परत आणलं. अगाथा ख्रिस्तीने ‘कर्टन’मध्ये आपल्या गुप्तहेराला, प्वारोला मारलं, तेही वाचकांनी पचवलं. मग मानकेललाच दोष का? कारण प्वारो मरतो तेव्हाही त्याचं डोकं शाबूत असतं. वॉलेंडरकडे तसं तल्लख डोकं कधीच नव्हतं. त्याच्या जवळपास प्रत्येक तपासात एक गोष्ट घडते : कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं, ते महत्त्वाचं आहे एवढं त्याला जाणवतं, पण ते नेमकं काय हे आठवत नाही. तो गाडी चालवतो, कॉफी पितो, रात्रभर कूस बदलतो आणि मग ते वाक्य सापडतं. आठवणं हेच त्याचं एकमेव हत्यार. दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून उलगडा करणाऱ्या गुप्तहेराला अल्झायमर झाला असता तर ती निव्वळ शोकांतिका झाली असती. वॉलेंडरच्या बाबतीत ती त्याच्या कामाच्या पद्धतीतूनच आली आहे.

म्हणून पुस्तक निर्दोष आहे असं नाही. लाटव्हियातली त्याची जुनी प्रेयसी बायबा कॅन्सर घेऊन निरोपाला येते आणि लवकरच मरते. पहिली बायको मोना दारूत बुडालेली. इथे लेखकाचा हात सैल सुटलाय, दुःखावर दुःख रचलं गेलंय, आणि ‘उगाच रडवतात’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पाणबुड्यांचं कथानकही उत्तरार्धात ढिलं पडतं. मात्र सुखी स्वीडनचं हे खोटं चित्र आहे, हा आक्षेप वरवरचा. जेमतेम वीस हजारांच्या वस्तीत इतके मुडदे पडत नाहीत हे मानकेलला ठाऊक होतंच. पण म्हातारपण आणि विसर पडणं यांना सुखी देश कुठे वर्ज्य असतो?

राहिला आरोप शेवट वरून चिकटवल्याचा. त्याचं उत्तर ‘द ट्रबल्ड मॅन’मध्ये शोधायचं कारण नाही, मालिकेच्या पहिल्याच पुस्तकात ते आहे. १९९१ साली मानकेलच्या मनात हा शेवट होता असा माझा दावा नाही; पण शेवट लिहिताना त्याने काय उचललं ते दिसतं. वॉलेंडरचा बाप चित्रकार. आयुष्यभर एकच देखावा रंगवत आलेला, मावळतीच्या उन्हातलं रान. फरक एवढाच, की काही चित्रांत एक रानकोंबडा असतो, काहींत नसतो. पुढच्या पुस्तकांत त्याला अल्झायमर असल्याचं कळतं, बापलेक मिळून रोमला जाऊन येतात आणि थोड्याच दिवसांत म्हातारा जातो. पण त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या पुस्तकात, ऐन थंडीत तो घरातून नाहीसा होतो. पोराला सापडतो तेव्हा अंगात पायजमा, हातात सुटकेस, आणि चिखलाच्या शेतातून चाललाय. कुठे निघालात, तर इटलीला. वॉलेंडर त्याला हाताला धरून परत आणतो आणि पुन्हा आपल्या खुनाच्या तपासाला लागतो. वाचकही त्याच्या मागोमाग लागतो.