मुतखडा परत आला? बोअरला बोल लावण्याआधी

वैतरणा स्टेशनवर डहाणू लोकलची वाट बघत अर्धा तास बसा. बाकावरच्या कुणाकडे तरी मुतखड्याची गोष्ट निघतेच. गोष्टीचा शेवटही ठरलेला असतो. "आमच्याकडं बोअरचं पाणीच खराब हो."

असेलही. पण जरा विचार करा. एकाच बोअरचं पाणी घरातली सहा माणसं पितात. खडा होतो एकालाच, आणि तोही तिसऱ्यांदा. मग पाण्यालाच धरून बसू नका. एकदा गळ्याकडेही बघा.

गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइड असते, ती तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या पाठीमागे चिकटून चार बारीक ग्रंथी असतात. एकेक भाताच्या शिताएवढी. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. नाव जोडीचं असलं तरी काम अगदी वेगळं. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे या चौघी ठीक आहेत, असं समजू नका. या घोटाळ्यात माणसांची वर्षं जातात.

काम काय करतात? रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात. ते बरोबरच आहे. नव्व्याण्णव टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. ती आपली कणगी. पण उरलेल्यातलं जे थोडंसं रक्तात फिरतं, त्याच्यावर हृदयाचे ठोके, हातापायांची हालचाल आणि डोक्याची शुद्ध चालते. ते जरा कमी झालं की या ग्रंथी रस सोडतात. मग कणगीतून थोडं काढलं जातं, मूत्रपिंड लघवीतून जाणारं अडवतं आणि आतडं जेवणातून जास्त ओढून घेतं. रक्तातलं भरलं की ग्रंथी गप्प बसतात.

कधी कधी त्यांतली एखादी फुगते आणि गप्प बसायचं विसरते. कणगी रिकामी होत जाते. रक्तात कॅल्शियम वाढतं, लघवीत उतरतं आणि त्याचे खडे होतात. बहुतेक वेळा ही गाठ साधी असते. कॅन्सर क्वचितच निघतो, तेव्हा नुसत्या 'गाठ' या शब्दाला घाबरून घरी बसू नका.

तारापूर एमआयडीसीत ऑपरेटर असलेले माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. बोईसरला राहतात. दोनदा खडा काढून झाला. पाय दुखायचे, त्याला बारा तास उभं राहण्याचं कारण मिळालं. थकवा आला, तो नाइट शिफ्टच्या खाती. बद्धकोष्ठ झालं, ते कँटीनच्या जेवणामुळे. रात्री चारदा लघवीला उठायचे, पण साखर नॉर्मल. प्रत्येक दुखण्याला वेगळं कारण तयार होतं. एकदा त्यांची फाइल चाळत होतो. दोन वर्षांपूर्वीच्या एका कागदावर ओळ होती: सीरम कॅल्शियम 11.4, आणि पुढे ठळक 'एच'. एच म्हणजे हाय, जास्त. ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. त्यांनीही नाही, मीही नाही. शेवटी मुंबईत गाठ काढली तेव्हा ती चिंचोक्याएवढी निघाली.

म्हणून माझं पहिलं सांगणं. खडा दुसऱ्यांदा झाला असेल किंवा दोन्ही बाजूंना असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "माझं रक्तातलं कॅल्शियम बघायचं का?" घरातली बाई नुसती पाय घसरून पडली आणि मनगट किंवा खुबा मोडला, तरी हेच विचारा. पन्नाशी उलटलेल्या बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो आणि "वय झालं" म्हणून झाकला जातो. वाढीव गावची माणसं वर्षानुवर्षं रेल्वेपुलाच्या कडेनं चालत स्टेशन गाठत आली आहेत. तिथल्या आजीचं हाड ठिसूळ झालं, तर तिचं बाहेर पडणंच संपतं.

पहिली तपासणी साधी आणि स्वस्त आहे. रक्तातलं कॅल्शियम आणि सोबत अल्ब्युमिन. बहुतेक लॅबमध्ये नॉर्मल कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 धरतात. वर गेलं तर आणखी एकदा करून खात्री करतात. मग पीटीएच नावाची या ग्रंथींच्या रसाची तपासणी, व्हिटॅमिन डी आणि क्रिएटिनिन. सुरुवातीलाच मोठं पॅकेज घेऊ नका. शितावरून भाताची परीक्षा होते, तशी ही पहिली तपासणी दिशा दाखवते.

दुसरं सांगणं गोळ्यांचं. अंग दुखलं की मेडिकलमधून कॅल्शियमची पट्टी आणायची आणि डीची 60,000 ची पुडी दर आठवड्याला घेत राहायची, ही सवय आता घरोघरी आहे. शिफ्टमुळे ऊन न मिळणाऱ्यांना डी कमी पडतं, हे खरं. पण पुडी किती आठवडे घ्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारणीनं नाही. डीचा अतिरेक झाला तरी रक्तात कॅल्शियम चढतं. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी आणि मानसिक आजारात देतात त्या लिथियमनंही चढू शकतं. तपासायला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. नावं आठवत बसू नका.

तिसरं, जेवण. खडा झाला म्हणून दूध बंद, नाचणी बंद, असं घरी ठरतं. असं करू नका. जेवणातलं कॅल्शियम खडे करणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. ते बंद केलं तर नेहमीच्या प्रकारचे खडे उलट वाढू शकतात. नाचणीची भाकरी खा, दही खा, काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे खा. मीठ मात्र आवरा. सुकट, बोंबील, लोणचं आणि पापड एकाच ताटात नकोत. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. आणि पाणी प्या. लघवी पाण्यासारखी फिकी दिसेल इतकं. भट्टीजवळ किंवा बॉयलरजवळ काम असेल, तर आणखी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, त्यांनी डॉक्टरांचंच ऐकायचं.

आता उलटी बाजू. थायरॉइडचं ऑपरेशन होताना कधी तिच्या या शेजारणींना, पॅराथायरॉइडना, धक्का लागतो. मग कॅल्शियम खाली येतं. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात, पोटऱ्यांत गोळे येतात. "अशक्तपणा आहे, झोपून राहा" म्हणू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, झटकेही येऊ शकतात. कॅल्शियमची गोळी सांगितली असेल तर मनानं बंद करू नका. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र गिळू नका, मध्ये चार तास जाऊ द्या.

आणि कॅल्शियम वाढलेल्या माणसाला उलट्या सुरू झाल्या, तो असंबद्ध बोलू लागला किंवा सुस्तावला, तर सकाळच्या गाडीची वाट बघू नका.

या ग्रंथींचा पहिला माग लागला तो एका भारतीय गेंड्यात, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात. 1850 च्या सुमारास रिचर्ड ओवेन यांनी तो मेलेला गेंडा चिरून पाहिला होता. माणसातल्या ग्रंथी नीट दाखवून दिल्या 1880 साली स्वीडनमधल्या इवार सँडस्ट्रॉम या शिकाऊ डॉक्टरनं. पहिलं ऑपरेशन 1925 चं, व्हिएन्नातलं. रोगी होता ट्रामचा कंडक्टर. त्याची हाडं इतकी पोकळ झाली होती की उभं राहणं मुश्कील. गाठ काढल्यावर तो काही वर्षं पुन्हा चालता झाला. उभ्यानं काम करणाऱ्या माणसाचा तो आजार होता, म्हणून तो मला आपल्यातलाच वाटतो.

आज हे ऑपरेशन बहुधा लहान छेदातून होतं. आधी सोनोग्राफी आणि एक स्कॅन करून फुगलेली ग्रंथी शोधतात. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. काहींना नुसतं लक्ष ठेवून चालतं. परळच्या केईएममध्ये अशा रस सोडणाऱ्या ग्रंथींच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

जाताना जुने रिपोर्ट सगळे न्या, दहा वर्षांपूर्वीचेही. काढलेला खडा डबीत ठेवला असेल तर तोही न्या. पावसाळ्यात फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आणि विरारला गाडी बदलायच्या आधी प्रत्येक कागदावर एकदा बोट फिरवा. कॅल्शियमची ओळ कुठं आहे ते बघा, आणि तिच्यापुढे 'एच' आहे का तेही.