माती अडवणारी भिंत म्हणजे साधं कुंपण नव्हे

29 जून 2019 रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यातल्या कोंढव्यात एका सोसायटीची भिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. 15 जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलंही होती. तीनच दिवसांनी मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत पडून आणखी कितीतरी घरं उजाड झाली. दर पावसाळ्यात हळहळ होते, नोटिसा निघतात. पण घराशेजारी भिंत बांधताना परवानगी घेतो कोण?

आपल्याकडे समज असा की परवानगी घराला लागते, भिंतीला कशाला? कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधल्या ‘विकास’ या व्याख्येत इमारतींबरोबर जमिनीवरची अभियांत्रिकी कामंही येतात. नियोजन क्षेत्रात अशा कामाला कलम 43 प्रमाणे परवानगी लागते.

कोकणात हा प्रश्न जास्त गंभीर आहे. डोंगर कापून जागा सपाट करायची, कडेला जांभ्याची भिंत उभी करायची, ही तर रीतच झाली आहे. मालक दुबईला किंवा कुवेतला, काम मुकादमाच्या भरवशावर आणि पाहणी व्हॉट्सअपच्या फोटोवर! फोटोत भिंतीची उंची दिसते, पाया दिसत नाही. मागचं पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली का, तेही कळत नाही. ते पाणी तुंबलं की मातीच्या भारात पाण्याचाही दाब मिळतो आणि चांगली भिंतसुद्धा फुगते.

खाली राहणाऱ्या शेजाऱ्याचं काय? आणि आपण उतार कापला, तर वरच्या शेजाऱ्याचं? 1882 चा सुखाधिकार कायदा सांगतो की शेजारच्या जमिनीकडून मिळणारा नैसर्गिक आधार हा प्रत्येक जमीनमालकाचा हक आहे.

परवानगीच्या नकाशावर अभियंत्याची सही असते, म्हणजे जिम्मेदारी कुणाची ते ठरतं. सहीच नसेल तर भिंत पडल्यावर सगळे हात वर करतात, आणि घरच्यांना वाली उरत नाही.

अर्थात कार्यालयांनीही सामान्य माणसाला खेटे घालायला लावू नयेत. संरक्षक भिंतीसाठी सोपा वेगळा अर्ज, वाजवी फी आणि पावसाळ्यापूर्वी पाहणी, एवढी मागणी मोहल्ला कमिट्यांनी लावून धरायला हवी. तोवर आपण एवढं तरी करू: पहिला चिरा बसवण्याआधी अभियंत्याला जागेवर आणू आणि ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेत लेखी विचारू.