देवावर भरवसा ठेवणाऱ्याने गोळ्या बंद करायच्या नसतात

पोस्ट मोठी आहे, पण विषय जिवाचा आहे, म्हणून पूर्ण वाचा अशी विनंती. जे आपल्या मंडळीतले नाहीत त्यांनीही वाचा, कारण हा प्रश्न फक्त ख्रिस्ती माणसांचा राहिलेला नाही.

मी आरोग्य सेवक म्हणून नगर जिल्ह्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. घरोघर फिरून टीबीच्या पेशंटला गोळ्या वेळेवर मिळतात की नाही, तो त्या घेतो की नाही हे बघणं हा माझ्या कामाचा मोठा भाग होता. आणि रविवारी मी मंडळीत मागच्या बाकावर बसणारा साधा विश्वासी. या दोन्ही जागांवरून जे दिसलं त्यातून हे लिहितोय.

अलीकडे आपल्याकडे "विश्वास ठेवा" या दोन शब्दांचा अर्थ बदलत चाललाय. विश्वास ठेवा म्हणजे गोळ्या बंद करा. विश्वास ठेवा म्हणजे उसने काढून का होईना पण अमुक रक्कम "बी" म्हणून पेरा, शंभरपट मिळेल. विश्वास ठेवा म्हणजे अर्ज करू नका, अभ्यास नको, नोकरी आपोआप येईल. व्हॉट्सॲपवर तर रोज सकाळी येतं की हा मेसेज सात जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत आशीर्वाद दारात. आणि नाही आला तर? तर तुमचा विश्वास कमी पडला. म्हणजे फायदा झाला की सांगणाऱ्याचं नाव, आणि तोटा झाला की ऐकणाऱ्याचा दोष. असला हिशेब बाजारातला दलालसुद्धा करत नाही.

टीबीचं उदाहरण घ्या. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, शिवाय निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात. पहिल्या दीड-दोन महिन्यांतच खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. नेमका हाच काळ धोक्याचा. माणसाला वाटतं मी बरा झालो. अशा वेळी कुणी डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तू बरा झालास, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास, तर त्याला ते पटतं, कारण अंगात खरंच बळ आलेलं असतं. ते बळ गोळ्यांनी आलेलं असतं. छातीतले उरलेले जंतू मेलेले नसतात. मध्येच औषध सोडलं की तोच आजार परत उठतो आणि कित्येकदा पहिल्या औषधांना दाद देत नाही. मग उपचार लांबतो, औषधं जड जातात, आणि तोपर्यंत घरातल्या लेकराला लागण झालेली असते. असे पेशंट मी पाहिलेत. गाव, मंडळी, नाव सांगणार नाही, कारण त्यांच्या घरच्यांनी पुरेसं सोसलंय.

आता कुणी म्हणेल, "म्हणजे तुमचा चमत्कारावर विश्वास नाही?" आहे. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तो कशातून बरं करेल हे ठरवायचा हक्क मी त्याच्याकडून काढून घेत नाही. लूक हा शुभवर्तमान लिहिणारा माणूस वैद्य होता, पौलाने त्याला तसंच म्हटलंय आणि मोठ्या प्रेमाने म्हटलंय. त्याच पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. तेव्हाचं घरगुती औषधच ते. पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा प्रार्थना केली आणि तो काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायला आपल्यापैकी कोण पुढे येणार?

आपल्या महाराष्ट्रातलंच बघा. मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1890च्या दशकात मिशन हॉस्पिटल उभं केलं. प्रार्थना करणारी माणसं होती ती, आणि तीच माणसं हातात शस्त्र घेऊन ऑपरेशनही करायची. मिरज आणि सांगलीच्या मध्ये आजही वानलेसवाडी आहे, तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. ज्या मिशनमधून आपल्या आजा-पणजांना शुभवर्तमान मिळालं, त्याच मिशनने दवाखानेही दिले. एका हाताचं घेऊन दुसऱ्या हाताचं नाकारायचं, हे कुठलं शहाणपण?

पंडिता रमाबाईंचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांचं आयुष्य एकदा नीट आठवा. आईवडील दुष्काळात गेले. 1882 साली नवरा गेला, पदरात लहान मुलगी. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला हलवलं. 1896-97च्या दुष्काळात उपाशी मुली-बायकांना त्यांनी केडगावला आणलं. तिथे प्रार्थना व्हायची, भरपूर व्हायची. आणि विहिरीही खणल्या जायच्या. शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, मुली अक्षरं जुळवायला शिकत होत्या. देव पाणी देईल हा भरवसा होता, म्हणून तर खणायला हात उचलले. भरवसा नसता तर माळरानावर विहीर कोण खणतं?

पुढे बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करायला घेतलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. वर्षानुवर्षं ते काम चाललं. 1921 साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्यानंतरही बाई कामाला बसल्या. 1922च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं 1924 साली. म्हणजे आयुष्यभराच्या कामाचं फळ त्यांनी हातात धरलं नाही. आजच्या "विश्वास ठेवा आणि मिळवा" वाल्यांच्या हिशेबात रमाबाई बसतच नाहीत. तसल्या हिशेबात त्यांचा विश्वास फसलेलाच ठरेल. मला मात्र विश्वास म्हटलं की त्याच आठवतात.

दानिएलाच्या पुस्तकातले ते तीन तरुण, शद्रख, मेशख आणि अबेद्नगो, शब्बाथशाळेत सगळ्यांनी ऐकलेत. भट्टी पेटलेली, समोर राजा. त्यांनी राजाला काय सांगितलं त्याचा अर्थ एवढाच की आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, पण नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. आपण पोरांना भट्टीतून सुटल्याची गोष्ट रंगवून सांगतो. खरा विश्वास भट्टीच्या अलीकडेच दिसला होता. त्या "नाही सोडवलं तरी" मध्ये तो आहे. ज्याला निकालाची हमी हवी आहे तो सौदा करतोय. निकाल माहीत नसताना जो सरळ वागतो, त्याने भरवसा ठेवलाय.

आणि हे सरळ वागणं रोजच्या साध्या गोष्टींतच करावं लागतं, म्हणूनच ते अवघड आहे.

किराणा दुकान असेल तर काट्याखाली काय ठेवलंय ते देव बघतो. शिक्षक असाल तर वर्गात किती वेळ होतात तेही तो बघतो. घरात धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा पगार महिना संपल्यावर "नंतर या" म्हणून लांबवायचा आणि रविवारी दानाच्या थैलीत नोट टाकायची, हे त्याला चालत नाही. संदेष्ट्यांची पुस्तकं उघडा, मजुरी बुडवणाऱ्यांवर ते किती चिडलेत ते बघा. निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट येतं. "सगळेच घेतात, आपण घेतलं नाही तर मधला खाईल," हे मी ख्रिस्ती घरांतसुद्धा ऐकलंय. ज्याला देव पुरवतो यावर भरवसा आहे, त्याला ते पाकीट परत करता आलं पाहिजे. हजार-दोन हजार रुपयांपुढे जो विश्वास टिकत नाही तो भट्टीपुढे काय टिकणार?

तरुण पोरांना एक सांगतो. स्पर्धा परीक्षेत दोनदा-तीनदा मागे राहिलात म्हणून देवाने सोडलं असं नाही. पौल प्रेषित होता, तरी करिंथात तंबू शिवण्याचा धंदा करून पोट भरत होता. हातात एखादं काम शिकून ठेवा. वायरमन व्हा, नर्सिंग करा, शेतात ड्रिप जोडायला शिका. देवाने नेमलेली वाट कदाचित त्या कामातूनच जाते. पोस्ट मिळाली तर आनंदच आहे, पण पोस्ट म्हणजेच आशीर्वाद असं समजू नका.

अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळायचा तो दिवसापुरता. हाव धरून जास्त साठवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण भाकर मागतो ती आजची. शेतकऱ्याला, हातावर पोट असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उद्याचा भाव, उद्याचा पाऊस त्याच्या हातात नाही. आज कोळपायचं मात्र त्याच्या हातात आहे. आजचं काम नीट करायचं आणि उद्याचं देवावर सोपवायचं. आजचंच काम टाकून दिलं तर त्याला सोपवणं कसं म्हणायचं?

आता थोडं आपल्या मंडळ्यांबद्दल. राग आला तरी चालेल. वातावरण तापलेलं आहे. आपल्याकडे संशयाने बघणारी माणसं वाढलीत, प्रार्थनेला जमलं तरी कुणी विचारायला येईल अशी भीती अनेक घरांत आहे. ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. घटनेच्या 25व्या कलमाने आपल्याला धर्म पाळायचा हक्क दिलाय आणि तो मान वर करून वापरायचा. पण आपली बाजू मजबूत कशाने होणार? आपल्या वागण्याने. आरोग्याचा खोटा बाजार आपल्याच मांडवात चालू राहिला तर बोट दाखवणाऱ्याला आपणच काडी पुरवतो. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, फसवणं त्यात गुन्हा आहे. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र करणं हाही गुन्हा आहे. तो कायदा कुठल्या एका धर्माच्या बुवासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. आपण त्याला घाबरायचं कारण नाही. उलट आपणच तो आपल्या तरुण संघात वाचून दाखवला पाहिजे.

तसंच जमिनींचं. आपल्या किती मंडळ्यांच्या मालमत्तेचे वाद कोर्टात आणि धर्मादाय आयुक्तांकडे वर्षानुवर्षं पडून आहेत, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या ट्रस्टची नोंदणी आहे त्याने हिशेब ठेवायचा, तपासून घ्यायचा, हे कायद्यातच आहे. पण कायद्याची वाट कशाला बघायची? महिन्याचं दान किती आलं, कुठे गेलं, याचा एक कागद चर्चच्या दाराशी लावायला काय हरकत आहे? देवावर भरवसा ठेवा असं लोकांना सांगणाऱ्या पंचांवर आधी लोकांचा भरवसा बसला पाहिजे.

सगळेच पाळक तसे आहेत असं मी म्हणत नाही. तुटपुंज्या मानधनावर, मोटारसायकलवर पाच-पाच गावं फिरणारे, मयताच्या घरी रात्रभर बसणारे, पेशंटला स्वतःच्या गाडीवर सिव्हिलला नेणारे पाळक साहेब मला माहीत आहेत. आमच्या भागात एका पाळकबाईंनी टीबीच्या एका आजीला रोज संध्याकाळी प्रार्थनेला जाताना स्वतः गोळी दिली, पूर्ण सहा महिने. प्रार्थना आधी, गोळी नंतर, मग चहा. आजी बऱ्या झाल्या. त्यांना बरं कुणी केलं असं विचारलं तर त्या वर बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून शेवटी तीनच मागण्या करतो. प्रत्येक पाळकाने येत्या रविवारी उपासनेत मोठ्याने सांगावं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही औषध बंद करायचं नाही, मग ती टीबीची गोळी असो, शुगरची असो, फिटची असो. प्रत्येक मंडळीने महिन्याचा हिशेब दाराशी लावावा. आणि आपण प्रत्येकाने या आठवड्यात एक थकवलेलं देणं चुकतं करावं, मग ते मजुराचं असो, दुकानदाराचं असो की भावाचं.

हे तिन्ही करायला चमत्कार लागत नाही. बळ लागतं, आणि ते द्यायला देव समर्थ आहे.

ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे त्यांच्यासाठी मी प्रार्थना करतोय. गोळ्या वेळेवर घ्या. प्रभू तुमच्याबरोबर असो.